साबणाने धुतलेलं डुकराचं काळीज आणि आमच्या काकांचा व्हॉल्व्ह

ओवळ | 11 जून, 21:12

मंडळी, दोन प्रश्न आहेत, एक घरचा आणि एक व्हॉट्सअ‍ॅपचा, पण एकमेकांत असे अडकलेत की एकच धागा काढतेय.

घरचा असा. माझे काका, बाबांचे थोरले भाऊ, वय 71, कुडाळजवळ गावात असतात. मे महिन्यात आंबे उतरवताना दोनदा चक्कर येऊन खाली बसले. इको केला तर अ‍ॅओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातली झडप) कडक झालाय, बदलायलाच लागणार. डॉक्टरांनी सांगितलं मेटलचा बसवू किंवा टिश्यूचा. काकांनी विचारलं टिश्यूचा म्हणजे कसला, तर डॉक्टर सहज बोलून गेले, डुकराचा नाहीतर गाईगुरांचा. झालं! काका माळकरी. गोव्याहून परत येताना गाडीत एक शब्द नाही, बांद्याला थांबलो तर चहासुद्धा नको म्हणाले.

व्हॉट्सअ‍ॅपचा असा. चुलतभावाने फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला, की आता डुकराचं हृदय साबणाने धुऊन त्यात पेशंटच्याच पेशी भरणार, रिजेक्शन नाही, गोळ्या नाहीत, दोन वर्षांत बाजारात. सोबत पांढऱ्याफटक हृदयाचा फोटो. आता काका म्हणतात मग दोन वर्षं थांबूया की, निदान माझ्या पेशी तरी असतील त्यात. हे खरंच काय प्रकरण आहे? आणि काकांना काय सांगू?

बांगडाफ्राय | 11 जून, 21:20

पहिल्या प्रतिसादात वराहावतार आणायचा मोह आवरतोय. पुढच्याने आणावा.

गजाली | 11 जून, 21:24

वराहावतार रवांदे बाजूक. रानडुकरांनी यंदा माजी सगळी कणगां उकरून खाल्ल्यानी. तेंच्याकडसून एक झडप तरी वसूल व्हया.

पांढराकोट | 11 जून, 22:05

ओवळ, आधी महत्त्वाचं. थांबायचं नाही. अ‍ॅओर्टिक व्हॉल्व्ह अरुंद झालाय आणि चक्कर यायला लागलीय म्हणजे ऑपरेशनशिवाय सरासरी दोन-तीन वर्षं हातात असतात, आणि सरासरी म्हणजे काहींना तेवढीही नसतात. फॉरवर्डमधली दोन वर्षं आणि ही दोन वर्षं सारखी नाहीत हे काकांना स्पष्ट सांगा.

बाकी मेटल की टिश्यू ते मुख्यतः वयावर. पन्नाशीच्या आतल्याला सहसा मेटल, पासष्टच्या पुढे टिश्यू, मधल्यांचं बघून ठरवायचं. मेटलचा झिजत नाही पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. टिश्यूचा साधारण 10 ते 15 वर्षं चालतो आणि ती गोळी जन्मभर लागत नाही. 71 ला तुमचे डॉक्टर टिश्यूच सुचवणार. छाती न उघडता मांडीच्या रक्तवाहिनीतून बसवतात तो टावीचा व्हॉल्व्हसुद्धा टिश्यूचाच असतो, तेव्हा त्या वाटेनेही प्राणी चुकत नाही. काकांना टावी चालेल का ते तिथल्याच टीमला विचारा, मी इथे बसून सांगणार नाही.

कोकणरेल्वे_लेट | 11 जून, 22:31

"पेशी भरणार" म्हणजे करंजीत सारण भरतात तसं?

पिपेट | 12 जून, 00:48

मी मुंबईत एका लॅबमध्ये नेमकं हेच करते (मूळ गाव राजापूर तालुक्यात), त्यामुळे झोप आली असूनही लिहिते.

त्या फोटोतलं हृदय खरं आहे, खालचा मजकूर फेकलेला आहे. आम्ही कत्तलखान्यातून बकऱ्याची किंवा डुकराची किडनी आणतो. मुख्य धमनीत नळी घालून दोऱ्याने बांधायची, वर बाटली टांगायची आणि एसडीएस नावाचा डिटर्जंट थेंबथेंब सोडायचा. एसडीएस म्हणजे तुमच्या शाम्पूत, टूथपेस्टमध्ये फेस आणणारा तोच, पॅकेटवर एसएलएस लिहिलेलं असतं. आधी रक्त बाहेर येतं, मग गढूळ पाणी, लालभडक किडनी हळूहळू गुलाबी होते, मग बटाट्याच्या सालीसारखी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघावं तर काचेच्या भांड्यात पांढरी, अर्धपारदर्शक, जेलीसारखी किडनी. आकार तोच, रक्ताच्या नळ्या जागच्या जागी, पेशी मात्र गेलेल्या. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला एकदम शाळेतलं पिंपळाचं जाळीदार पान आठवलं. पान पाण्यात कुजवायचं, हिरवा गर गेला की शिरांची जाळी उरते, ती वहीत ठेवायची. तेच हे. उरते ती जाळी म्हणजे कोलॅजन आणि त्याची भावंडं. डुकराची पेशी आपलं शरीर लगेच ओळखतं आणि हल्ला करतं, पण कोलॅजन सगळ्या सस्तन प्राण्यांत बरंचसं सारखं असतं म्हणून ते खपून जातं, ही मूळ कल्पना.

आता गंमत. 2008 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डोरिस टेलर आणि हाराल्ड ऑट यांनी उंदराचं हृदय असं धुतलं, त्यात नवजात उंदरांच्या पेशी सोडल्या आणि आठ दिवसांत ते धडधडायला लागलं. सगळ्या जगात बातमी! पण ताकद किती, तर मोठ्या उंदराच्या हृदयाच्या 2 टक्के. त्यानंतर उंदराचं लिव्हर झालं, फुफ्फुस झालं, 2013 ला बोस्टनमध्ये किडनी झाली, तिने थोडी लघवीसुद्धा केली. पण माणसाच्या मापाचं, माणसात बसवून वर्षभर चाललेलं असं धुतलेलं हृदय जगात एकही नाही.

अडतं कुठे तर धुण्यात नाहीच, ते कोणीही शिकेल. अडतं परत वस्ती बसवण्यात. हृदयाच्या स्नायूच्याच पेशी दोन-तीनशे कोटी लागतात, त्या कुठून आणणार? आणल्या तरी प्रत्येक पेशी रक्तवाहिनीपासून केसाच्या एक-दोन जाडीइतक्याच अंतरावर हवी, नाहीतर गुदमरते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या नळ्यांना आतून पेशींचं अस्तर पूर्ण लागलं नाही तर रक्त सोडल्या सोडल्या गुठळ्या. आमची किडनी त्यातच जाते दर वेळी. माझं तिसरं वर्ष चालू आहे 😐

मास्तर | 12 जून, 06:10

पिपेट, उत्तम लिहिलंत, पण पिंपळाचं पान आजच्या मुलांना ठाऊक नसेल. आपल्याकडे याहून जवळचा दाखला आहे, काथ्या. नारळाची सोडणं खाडीत खड्डा करून महिनोन् महिने पुरून ठेवतात, गर कुजतो, धागा उरतो, मग तो ठोकून काढायचा. वेंगुर्ल्याच्या बाजूला लहानपणी त्या वासाने नाक धरून जायचो. तुमचा एसडीएस म्हणजे खाडीचं पाणी.

एक शंका. या उरलेल्या जाळीला इंग्रजीत स्कॅफोल्ड म्हणतात ना, त्याला परांची म्हणावं का?

तळकोकणी | 12 जून, 09:15

मास्तर, परांची घर बांधून झालं की उतरवतात. इथे जाळी आतच राहते ना? मग मांडव म्हणा. पडवळाचा मांडव. वेल चढला तरी मांडव तिथेच.

पिपेट | 12 जून, 11:02

गंमत म्हणजे दोन्ही बरोबर आहे. डुकराच्या लहान आतड्याचा एक पातळ थर धुऊन वापरतात, हर्नियाला, जखमेला. तो काही महिन्यांत विरघळतो आणि तोपर्यंत माणसाच्या पेशी स्वतःचं कोलॅजन विणतात. ती परांची. हृदय, किडनी म्हणजे मांडव, तो पडला तर वेलासकट खाली.

आणि हो, पातळ वस्तूत हे सगळं आजही चालतं हे लिहायचं राहिलं. पातळ थराला कडेने आपोआप पेशी चढतात, रक्तवाहिन्या येतात, बाहेरून वस्ती आणून बसवावी लागत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डुकराच्या पित्ताशयाची जाळी करून जखमेवर लावायचं कोलेडर्म बनवलंय, त्याला 2023 ला केंद्राच्या औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. ही बातमी कुणाच्या फॅमिली ग्रुपवर आली का? नाही. पांढऱ्या हृदयाचा फोटो आला.

बांगडाफ्राय | 12 जून, 11:20

म्हणजे काकांचा व्हॉल्व्ह असाच धुतलेला असतो का? व्हॉल्व्हपण पातळच की.

पांढराकोट | 12 जून, 13:40

नाही, इथे बहुतेक सगळे फसतात. आज बाजारात मिळतो तो टिश्यू व्हॉल्व्ह म्हणजे डुकराचा व्हॉल्व्ह किंवा गाईबैलाच्या हृदयावरचं पातळ आवरण, पेरिकार्डियम, ग्लुटाराल्डिहाइड नावाच्या रसायनात मुरवलेलं. चांभार कातडं कमावतो तसं कमावलेलं. ते मेलेलंच असतं, त्यात कुणाच्या पेशी राहायला येत नाहीत, म्हणून ते वाढत नाही आणि हळूहळू त्यावर चुना धरतो. तरुणांत जास्त भराभर धरतो, म्हाताऱ्यांत सावकाश, म्हणून वयाचा हिशोब.

कमावण्याऐवजी धुवावा असा प्रयत्न झालाय. 2001 ला ऑस्ट्रियात चार मुलांना डुकराचा धुतलेला व्हॉल्व्ह बसवला. माकडी-मेंढीत छान चालला होता म्हणे प्रकार. चारपैकी तीन मुलं गेली. नंतर बघितलं तर धुणं अपुरं पडलं होतं आणि शरीराने त्याच्यावर जोरदार हल्ला केला होता. याउलट जर्मनीत हानोवरला मेलेल्या माणसांनी दान केलेले व्हॉल्व्ह धुऊन मुलांना बसवतात, ते चांगले चालतात. तेव्हा कोलॅजन सारखंच असतं म्हणून खपतं हे पिपेटताईंचं वाक्य मी थोडं हात राखून घेईन.

पिपेट | 12 जून, 14:05

हात राखूनच घ्या, बरोबर आहे तुमचं. डुकराच्या पेशींवर अल्फा-गॅल नावाची साखर असते, आपल्या सगळ्यांच्या रक्तात तिच्याविरुद्ध अँटिबॉडी तयारच असतात. पेशी गेल्या तरी साखर जाळीला चिकटून राहते. आम्ही डीएनए मोजतो, कोरड्या वजनाच्या एका मिलिग्रॅममागे 50 नॅनोग्रॅमच्या खाली आला की पास, पण डीएनए गेला म्हणून साखर गेली असं नाही. (माकडी-मेंढीतली माकडं तुम्ही घुसडलीत बहुतेक, मेंढ्या बरोबर.)

पांढराकोट | 12 जून, 14:11

मान्य. ओपीडीतून टाइप करतोय.

कोकणरेल्वे_लेट | 12 जून, 15:30

हे सगळं थोतांड आहे. तो इटालियन सर्जन आठवा, श्वासनलिका बनवणारा. जगभर सत्कार घेतले आणि पेशंट मेले. पुढे जेल. नवीन अवयव नवीन अवयव करून लोकांना गिनिपिग करतात.

पिपेट | 12 जून, 18:22

मॅकियारिनी. राग बरोबर आहे पण तपशील बघा. 2008 ला बार्सिलोनात त्याने मेलेल्या माणसाची श्वासनलिका धुऊन, पेशंटच्या पेशी लावून बसवली होती. ज्यावरून त्याला स्वीडनमध्ये शिक्षा झाली त्या नलिका मात्र प्लास्टिकच्या होत्या, 2011 पासूनच्या. 2023 ला वरच्या कोर्टाने अडीच वर्षांची कैद दिली. त्या प्रकरणाने आमच्या सगळ्या क्षेत्राचं तोंड काळं झालं हे खरं, पण धुतलेल्या डुकराचा त्यात दोष नव्हता, माणसाचा होता.

मास्तर | 12 जून, 19:00

आपल्याकडेही झालंय हो. 1997 साली गुवाहाटीत डॉ. धनीराम बरुआंनी डुकराचं हृदय आणि फुफ्फुसं थेट माणसाला बसवली. पेशंट आठवडाभर जगला. बरुआंना अटक झाली. मी तेव्हा नववीला शिकवत होतो, वर्गात पोरांनी विचारलं, सर मग तो माणूस चिखलात लोळायला लागला काय.

ओवळ | 12 जून, 20:15

मास्तर 😂 हा प्रश्न काकूने पण विचारला, शब्द वेगळे.

पण ते 2022 ला अमेरिकेत डुकराचं हृदय बसवलं ते वेगळं का? बातमी वाचली होती.

पिपेट | 12 जून, 20:40

पूर्ण वेगळं. ते जिवंत हृदय, डुकराच्या पेशींसकट, फक्त डुकराचे 10 जीन बदललेले. मेरीलँडला बसवलं, पेशंट दोन महिने जगला. तिथे वस्ती तीच ठेवून तिचे कागदपत्र बदलतात, आम्ही वस्ती उठवून नवी बसवायला बघतो. खरं सांगायचं तर सध्या ते पुढे आहेत.

बांगडाफ्राय | 12 जून, 20:44

वस्ती उठवून नवी बसवणे. हायवेच्या चौपदरीकरणासारखं. उठवून झालंय, बसवायचं कुणाला आठवत नाही.

जंजिरा | 12 जून, 22:10

मी मुरुडचा, मुसलमान आहे, तेव्हा डुकराच्या बाबतीत माझा अनुभव काकांच्या कामाचा वाटतो म्हणून लिहितो.

माझे अब्बा सहा वर्षं डायलिसिसवर होते, आठवड्यात तीनदा. मुरुडहून अलिबागला पहाटेची गाडी. दर वेळी मशीनला लावताना हेपरिन द्यायचे, रक्त गोठू नये म्हणून. चौथ्या वर्षी मला एका टेक्निशियनकडून कळलं की हेपरिन डुकराच्या आतड्यापासून बनतं. मी घाबरलो, अब्बांना सांगावं की नाही. महिनाभर लपवलं. शेवटी सांगितलं तर म्हणाले, मला पहिल्या वर्षीच कळलंय, मी मशिदीत मौलानांना विचारून आलो, जीव वाचवायला दुसरं काही नसेल तर इजाजत आहे, तुला सांगितलं नाही कारण तू टेन्शन घेतोस. म्हणजे घरातले दोघं एकमेकांपासून तेच लपवत होतो.

तेव्हा ओवळताई, काकांच्या परस्पर काही ठरवू नका. त्यांनी त्यांच्या पद्धतीने कुठेतरी विचारलेलं असणार.

तळकोकणी | 12 जून, 22:50

जंजिरा, वाचून गप्प बसले दहा मिनिटं.

मी मेटलवाल्या बाजूने लिहिते. माझ्या बहिणीला लहानपणी सांधेताप झालेला, त्यात व्हॉल्व्ह गेला, 29 व्या वर्षी मेटलचा बसवला. आज 44 ची आहे, धडधाकट. पण गोळीचा संसार ऐका. महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याची तपासणी. आमच्या गावात होत नाही, कणकवलीला जायचं. पावसाळ्यात टाकळा, शेवग्याचा पाला, काहीही हिरवं चार दिवस जास्त खाल्लं की आकडा खाली, अँटिबायोटिक घेतलं की आकडा वर. एकदा कोयतीने बोट कापलं तर टॉवेल भिजला. आणि आवाज! रात्री लाइट गेली, पंखा बंद झाला की तिच्या छातीतून टिक टिक टिक ऐकू येतं, स्वस्तातल्या घड्याळासारखं. भाऊजींना आता त्याशिवाय झोप येत नाही म्हणतात. 71 वर्षांच्या माणसाला, जो अजून झाडावर चढतो, त्याला ही गोळी नको.

हर्णै_बंदर | 13 जून, 05:35

बंदरावरून लिहितोय, रेंज गेली तर गेली. डुक्कर नको गाय नको तर मासा चालेल काय? घोळीचा बोत (माशाच्या पोटातली हवेची पिशवी) हजारोंनी जातो, तो परदेशात टाके घालायचा दोरा बनवायला वापरतात असं आमच्याकडे म्हणतात.

पिपेट | 13 जून, 10:18

चांगला प्रश्न! बोत म्हणजे जवळजवळ निव्वळ कोलॅजनच. आणि मासा खरंच वापरतात, आइसलंडमध्ये कॉडची कातडी धुऊन जखमेवर लावतात, अमेरिकेत 2013 पासून परवानगी आहे. ब्राझीलमध्ये भाजलेल्यांवर तिलापियाची कातडी लावून बघितली. माशाचा फायदा असा की थंड पाण्यातल्या माशाचे रोग माणसाला लागायची भीती जवळपास नाही, त्यामुळे फार कडक रसायनांनी धुवावं लागत नाही, आणि डुकरा-गाईसारखी धर्माची अडचण सहसा येत नाही. पण व्हॉल्व्ह नाही हो माशाचा. जखमेपुरतंच.

अजून एक, 2017 ला अमेरिकेत पालकाचं पान असंच धुऊन त्याच्या शिरांची जाळी वापरली, त्यावर माणसाच्या हृदयाच्या पेशी लावल्या, त्या आकसल्या-प्रसरल्या. शाकाहारी लोकांनी आशा सोडू नये.

गजाली | 13 जून, 10:30

पालक कित्याक? अळवाचा पान घेवा. घसो खवखवता तसा काळीज खवखवात.

मास्तर | 13 जून, 10:52

काळीज म्हणजे हृदय की यकृत हे आधी ठरवा. मटणवाल्याकडे काळीज मागितलं तर तो लिव्हर देतो, आणि काळीज धडधडतं म्हणतो तेव्हा हृदय. धाग्याच्या शीर्षकापासूनच गोंधळ आहे.

बांगडाफ्राय | 13 जून, 10:55

मास्तर पेपर तपासायला बसले. पळा.

(इथून पुढे मटण कुठलं चांगलं यावर 31 प्रतिसाद आले होते, ते खाण्याच्या विभागात हलवले आहेत. – संपादक)

ओवळ | 29 जून, 21:40

उशीर झाला, क्षमस्व. अपडेट देते.

जंजिरा, तुमचं खरं निघालं. मी तुमचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. ऐकून म्हणाले, मी पण विचारून आलोय. म्हटलं कुणाला? तर त्यांच्या दिंडीतल्या बुवांना. बुवा म्हणाले पोटात घालायचं नाही ना, मग माळेला काही होत नाही. पण मी म्हटलं मग आता अडलं कुठे, तर गाईवर अडलंय! डुकराचा चालेल, गाईचा नको. "डुकराने माझा भात खाल्लाय, त्याचं माझं काही देणं लागत नाही. गाईचं लागतं." अगदी हे शब्द. गजाली, तुमच्या पार्टीचे निघाले काका.

डॉक्टरांना विचारलं, ते हसले नाहीत हे विशेष. म्हणाले आमच्याकडे पेरिकार्डियमचेच जास्त असतात, पण त्यांच्या मापाचा डुकराचा मिळतो का बघतो, नाही मिळाला तर टेबलावर मी निर्णय घेईन आणि ते आत्ताच सही करून द्यायचं. काकांनी दोन मिनिटं कागदाकडे बघितलं आणि सही केली. टावीला त्यांच्या मांडीच्या रक्तवाहिन्या बारीक आहेत म्हणून छाती उघडूनच करणार.

दोन वर्षं थांबायचं खूळ गेलं. पिपेटचा 2 टक्क्यांचा आकडा कामाला आला. काका म्हणाले दोन टक्क्यांत तर आमचा पंपही पाणी चढवत नाही.

पिपेट | 29 जून, 21:58

पंपाची उपमा चोरतेय, प्रेझेंटेशनला वापरणार.

(आमच्या या वेळच्या किडनीत दोन तास रक्त फिरलं. मग गुठळी. पण दोन तास! आधी वीस मिनिटं होती.)

जंजिरा | 29 जून, 22:03

दोन तास म्हणजे अर्धं डायलिसिस. चालू द्या ताई.

पांढराकोट | 29 जून, 22:15

ओवळ, ऑपरेशनआधी दात दाखवून घ्या, किडलेला असेल तर आत्ताच काढा. दातातला जंतू नव्या व्हॉल्व्हवर जाऊन बसतो. हे सगळे विसरतात.

ओवळ | 1 जुलै, 19:20

दोन दात काढले. ऑपरेशन 9 जुलैला. चार बाटल्या रक्त लावायचं आहे, कुठलाही गट चालेल, बदली म्हणून हवंय. दोन झाले. बांदा-सावंतवाडी बाजूचं कोणी आहे का?

गजाली | 1 जुलै, 19:26

मी असंय. बांद्यातच रवतंय. एक माजी धरा.

हर्णै_बंदर | 1 जुलै, 19:31

आता बंदी चालू आहे, बोट वर ओढलेली, रिकामाच आहे. पण हर्णैहून यायला दिवस जाईल. तिसरा मिळाला नाही तर फोन करा, निघतो.

बांगडाफ्राय | 1 जुलै, 19:40

मी सावंतवाडीला मेहुण्याकडेच आहे 10 तारखेपर्यंत. चौथी बाटली माझी. आदल्या रात्री बांगडा खाल्लेला चालतो ना डॉक्टर?

पांढराकोट | 1 जुलै, 19:52

चालतो. दोनच खा.

गजाली | 1 जुलै, 19:54

ह्यो दोनावर थांबणारो न्हय.